जिगचा तिसरा भाग

दर रविवारी दुपारी तीन ते सहा, वॉटफर्डमधल्या एका पबच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण आयरिश नाचाच्या चाली वाजवतो. नाचायला कोणी नसतं. चहा पबवाल्याकडून फुकट मिळतो आणि बिस्किटं आळीपाळीने आणायची असतात.

मी तिथे कशी पोचले हे लोक नेहमी विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. पुण्यात दहावीपर्यंत मी व्हायोलिन शिकले, आपल्या पद्धतीने, मांडी घालून आणि व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून. पुढे नोकरी, लग्न, इंग्लंड, दोन मुलं. पंचेचाळिसाव्या वर्षी हात पुन्हा शिवशिवायला लागले तेव्हा आधी मराठी मंडळात चौकशी केली. तिथे हार्मोनियमवाले दोन होते आणि त्यांचं आपसात भांडण होतं. कोणाच्या बाजूला बसायचं हे ठरवण्यापेक्षा पब सोपा वाटला.

त्या खोलीत मला शिकवलं ते एका निवृत्त बस ड्रायव्हरने. आता ऐंशीला टेकलेले. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी बोटीने इकडे आले आणि हयातभर वॉटफर्डच्या रस्त्यांवर बस चालवली. फिडल वाजवतात. व्हायोलिनच ते, पण त्या खोलीत त्याला व्हायोलिन म्हटलं की सगळे हसतात. मी मिल्टन कीन्सच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि लिहून काढायच्या. हे कळल्या दिवसापासून ते मला इन्स्पेक्टर म्हणतात. बसवर अचानक चढून ड्रायव्हरच्या चुका काढणाऱ्या इन्स्पेक्टरांवर त्यांचा जुना राग आहे, तो माझ्यावर निघतो.

आमच्या बैठकीची एक रीत आहे. एक चाल तीन वेळा वाजवायची. कोणीतरी सुरू करतो, ज्यांना येते ते लगेच सामील होतात, बाकीचे पहिल्या फेरीत ऐकतात आणि जमलं तर दुसऱ्या फेरीत शिरतात. बहुतेक चालींना दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा. काहींना तीन असतात. नावं फारशी कोणाला ठाऊक नसतात.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी त्यांनी एक जिग सुरू केली. जिग म्हणजे सहा मात्रांची, आपल्या दादऱ्याएवढीच, पण वजन दुसरीकडे पडतं आणि धावत सुटते. ही मी पूर्वी ऐकली नव्हती, खोलीत कोणीच ऐकली नव्हती. त्यांनी पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा वाजवला. दुसऱ्या फेरीत आम्ही तिघं-चौघं चाचपडत सामील झालो. दुसरी फेरी संपली आणि आम्ही तिसरीला लागलो, तर ते थांबलेले. गज तारांच्या वर, हवेत.

"इथे अजून एक भाग आहे," ते म्हणाले.

"दोनच असणार की," बासरीवाला म्हणाला. "वाजवली ना तू दोनदा. पूर्ण वाटते."

"तीन आहेत. मला माहीत आहेत."

त्यांनी डोळे मिटून दुसऱ्या भागाचा शेवट पुन्हा घेतला, परत त्याच जागी आले, परत थांबले. तीनदा असं झालं. मग त्यांनी फिडल पेटीत ठेवलं, पेटीचे दोन्ही खटके लावले आणि चहा यायच्या आत निघून गेले. पुढचे दोन रविवार आले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, एकटेच राहतात, मुलगी लीड्सला. पेटी कपाटावर ठेवलेली होती, तिथून ती काढायला स्टूल लागलं असतं.

"तिथे का ठेवलीय?"

"इन्स्पेक्टर, सगळीकडे नजर जाते तुझी." त्यांनी केटल लावली. मग माझ्याकडे पाठ करूनच सांगितलं. ती जिग त्यांच्या मोठ्या भावाची. भाऊ बासरी वाजवायचा, त्यानेच ती गोठ्यात बसून शिट्टीवर एकेक भाग करून शिकवली होती. भाऊ गावातच राहिला. गेली सहा-सात वर्षं त्याला काही आठवत नव्हतं. आधी चाली गेल्या, मग दुकानाचा रस्ता, मग माणसं. एप्रिलमध्ये तो गेला. इंग्लंडला आल्यापासून ती जिग यांनी कधी वाजवली नव्हती, त्या रविवारी पहिल्यांदाच काढली.

"नावं विसरलो तर मला काही वाटत नाही," ते म्हणाले. "नावं कोणाला हवीत. पण त्याचं असंच सुरू झालं होतं. हातातून."

मी विचारलं, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेलात का. ते म्हणाले, जीपी काय करणार, त्याला जिग येते का. मी म्हटलं, अपॉइंटमेंट मी घेते. ते म्हणाले, घे. मग कपाटाकडे बघत म्हणाले, "तू तो भाग शोधून काढ. कुठे ना कुठे असेलच, पुस्तकात नाहीतर रेकॉर्डवर. मला ऐकव. हातांनी ओळखला तर मी येतो. नाही ओळखला तर ती पेटी तू घेऊन जा."

"मला काय करायचीय दुसरी पेटी?"

"मग मुलांना दे. पण इथे ठेवू नको."

मी हो म्हटलं. परत येताना गाडीत मनाशी हिशोब मांडला, तर उत्तर कसंही आलं तरी वाईटच होतं. तिसरा भाग सापडला तर तो ते विसरले हे पक्कं होणार. सापडलाच नाही तर त्यांना नसलेली गोष्ट आठवते आहे, हे त्याहून वाईट. माझ्या कामात अशा वेळी एकच करायचं असतं. अंदाज बांधत बसायचं नाही, तपासायला लागायचं.

माझ्याकडे पुरावा होता. सराव करता यावा म्हणून मी दर रविवारची बैठक फोनवर रेकॉर्ड करते. त्यातून ती जिग काढून मी वहीत सरगममध्ये लिहिली. पाश्चात्य पद्धतीने लिहिलेलं वाचता येतं मला, पण कानावर पडलेलं कागदावर उतरवायचं तर हात सा रे ग म कडेच जातो.

लंडनमध्ये लोकसंगीताचं एक ग्रंथालय आहे. तिथल्या बाईंनी मला जुन्या संग्रहांची सूची दाखवली. तिच्यात चाली नावाने नव्हे, सुरुवातीच्या सुरांवरून लावलेल्या होत्या. चालीचा मुख्य सूर म्हणजे एक, त्याच्या पुढचा दोन, असे आकडे. नाव माहीत नसलेल्या माणसासाठी याहून चांगलं काही नाही. मला तर आनंदच झाला, कारण ही आपली सरगमच होती. सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन. वहीतून आकडे उतरवले आणि शोधायला बसले.

सहा शनिवार गेले. वॉटफर्डहून ट्रेनने जायचं, दुपारपर्यंत पानं उलटायची, हात हलवत परत यायचं. जवळपास जाणारं काहीही सापडलं नाही. नवरा म्हणाला, "तू त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात वगैरे नाहीस ना?" मी म्हटलं, "असते तर शनिवारी लंडनला कशाला गेले असते? ते वॉटफर्डलाच राहतात." सहाव्या शनिवारी ग्रंथपाल बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, रेकॉर्डिंग ऐकवा. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही मुख्य सूर कोणता धरला?"

"शेवटचा. जिथे संपते तो."

"का?"

का म्हणजे काय. आपल्याकडे कुठेही हिंडून आलात तरी शेवटी सा वर यायचं असतं. दहा वर्षं मांडी घालून मी तेच केलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"ही चाल संपतच नाही," त्या म्हणाल्या. "नाचणाऱ्यांचे पाय हवेत असतात ना. शेवटचा सूर फक्त पुन्हा सुरुवातीला ढकलण्यासाठी आहे." त्यांनी पेन्सिलीने माझ्या वहीतल्या दुसऱ्याच सुराभोवती गोल काढला. "घर हे आहे."

म्हणजे सहा आठवडे माझा सा चुकला होता, आणि त्यामुळे प्रत्येक आकडा चुकला होता. पहिल्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीने करावी अशी चूक. पण पहिल्या परीक्षेच्या मुलीला तानपुरा लावून दिलेला असतो. मी आकडे पुन्हा मांडले आणि वीस मिनिटांत जिग सापडली. एका जुन्या जाड संग्रहात तिला एक नाव होतं, दुसऱ्यात वेगळंच नाव, आणि तिसऱ्यात संपादकाने सरळ लिहिलं होतं, नाव नाही. तिन्हींत सूर जवळजवळ तेच होते. आणि तिन्हींत भाग दोनच होते.

नावं मिळाल्यावर जुन्या तबकड्यांची रेकॉर्डिंगं शोधणं सोपं झालं, बहुतेक आता इंटरनेटवर आहेत. अकरा मिळाली. मी ऑफिसात करते तसा तक्ता केला. वादक, वाद्य, भाग किती. एकेक लावायचं, पहिला भाग, दुसरा भाग, परत पहिला आला की बंद करायचं आणि रकान्यात दोन लिहायचं. अकरा वेळा दोन.

मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचा फोन यायचा, "इन्स्पेक्टर, काय प्रगती?" आणि मी म्हणायचे, तपास चालू आहे. जीपीने मेमरी क्लिनिकला चिठ्ठी दिली होती, तारीख चार महिन्यांनंतरची. मी खोटं बोलण्यात कच्ची आहे. त्यामुळे फोन लवकर ठेवायला लागले.

असा सप्टेंबर आला आणि एजवेअरच्या मंडळाचा गणपती आला. भाड्याच्या हॉलमध्ये दुपारची आरती होती. आरती सांगणारे काका हायवेवर अडकले, म्हणून माइक माझ्या नवऱ्याच्या हातात दिला गेला, त्याचा आवाज मोठा आहे एवढ्याच कारणाने. गणपतीची आरती जोरात झाली. शेवटच्या कडव्याला माइक कर्कश ओरडला आणि बंद पडला. दोन-तीन मिनिटं खटपट झाली. तो चालू झाल्यावर सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "हं, आता शंकराची सुरू करा."

नवरा उभाच. तोंड उघडं, आवाज नाही. शंभर माणसं टाळ्यांसाठी हात वर करून थांबलेली. मी त्याला मागून खुणा करत होते, पण तो बघेना. मग त्याने माइक बाजूला धरला, गणपतीच्या आरतीचं शेवटचं कडवं पुटपुटत भराभर म्हटलं आणि त्या धावेवरच उडी मारल्यासारखा शंकराच्या आरतीत शिरला. पुढे सगळं सुरळीत झालं.

घरी येताना मी म्हटलं, "अरे, पन्नास वर्षं म्हणतोयस ती आरती."

"येते मला. अशी मधूनच सुरू करता येत नाही."

"मधून कुठे? ती वेगळी आरती आहे. पहिली ओळ होती ती."

"मला नाही कधी वेगळी वाटली. लहानपणी तर मला वाटायचं गणपतीच्याच आरतीची पुढची कडवी आहेत ती."

"त्यात शंकराचं नाव येतं."

"वडील आहेत त्याचे," नवरा म्हणाला. "येणारच."

मी हसले, आणि मग मला जिगचा तो रविवार आठवला. त्या रविवारी ते थांबले होते ते दुसऱ्या फेरीनंतर. तिसरा भाग असता तर तो पहिल्याच फेरीत यायला हवा होता. पहिल्या फेरीत ते अडखळले नव्हते, दुसऱ्या भागावरून सरळ पहिल्यावर आले होते. हे माझ्या फोनवर तीन महिने होतं. रोज दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणाऱ्या बाईला ते दिसलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, अकरापैकी एकही तबकडी मी शेवटपर्यंत ऐकली नव्हती.

घरी पोचल्यावर साडी न बदलता लॅपटॉप उघडला. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची असते. एक जिग दोनदा वाजवून दीड मिनिट भरत नाही. मग उरलेल्या वेळात वादक काय करत होते? सहाव्या रेकॉर्डिंगमध्ये उत्तर होतं. बासरी आणि फिडलची जोडी. जिग एकदा, जिग दुसऱ्यांदा, आणि श्वासही न घेता त्याच लयीत पुढे काहीतरी वेगळंच. दुसरी जिग. लेबलवर नाव मात्र एकीचंच, बहुधा दुसरं मावलं नसेल. नाव नाही म्हणजे दुसरी चाल नाही, असं त्या तबकडीवरून शिकणाऱ्या कोणालाही वाटलं असतं. खेड्यातल्या पोरांना तर नक्कीच.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी सरळ त्यांच्याकडे गेले. काय सापडलं ते आधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, कारण त्यांची अट हातांनी ओळखण्याची होती. फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "ऐका."

ते समोर बसले. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर. खरखरीतून बासरी आली, पहिली फेरी, दुसरी. त्यांची डाव्या हाताची बोटं लाकडावर आपोआप पडत होती. त्यात नवल नव्हतं, एवढं त्यांना येतच होतं. दुसरी फेरी संपली. चाल पुढे गेली. बोटं थांबली नाहीत. सूर येण्याच्या किंचित आधी बोट पडत होतं. तो भाग दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा एकही बोट चुकलं नाही. चेहरा मात्र कोरा होता, कान ऐकत होते आणि हात आपलं काम करत होते.

मी सुस्कारा सोडला, तेवढ्यात त्यांची बोटं थांबली.

रेकॉर्डिंग चालूच होतं. दुसऱ्या जिगचा दुसरा भाग. त्यांनी हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले.

"हे काय आहे?"

"त्याच्या पुढचा भाग."

"हे मला काहीच माहीत नाही." आवाज बदलला होता. "हे तर पूर्णच गेलंय."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. हे माझ्या गणितात नव्हतं. तिसऱ्या भागापर्यंतचा विचार मी केला होता, चौथ्याचा नाही. काहीतरी धीर देणारं बोलावं असं वाटलं, पण ते मला जमत नाही, मला प्रश्न विचारता येतात. म्हणून विचारलं.

"भावाने शिकवली ती कशी?"

"सांगितलं ना. गोठ्यात. एकेक भाग."

"एका भागाला किती वेळ?"

"एक आठवडा. पक्का झाल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. मास्तरच होता तो."

"तिसरा कधी पक्का झाला?"

खिडकीबाहेर बस गेली, तिच्याकडे त्यांनी सवयीने बघितलं. मग हळूहळू म्हणाले, "शनिवारी. त्या शनिवारी. मंगळवारी माझी बोट होती."

"म्हणजे चौथा त्यांनी दिलाच नाही."

"नाही."

"मग तुम्ही तो विसरला नाहीत. तुम्ही शिकलाच नव्हतात."

मग मी सगळं सांगितलं. दोन चाली, एक तबकडी, एक नाव. पुस्तकांत दोनच भाग का आणि त्यांच्या डोक्यात तीन का. नवऱ्याची आरतीची गोष्टही सांगितली, त्यावर ते खूप हसले आणि म्हणाले, नवऱ्याला एकदा घेऊन ये, शहाणा माणूस दिसतो. मीही एक गोष्ट स्पष्ट केली. इतकी वर्षं न वाजवलेला भाग हातातून निसटला, याचा अर्थ काहीही असू शकतो, मी डॉक्टर नाही, आणि क्लिनिकची तारीख पाळायची आहे. ते म्हणाले, पाळतो, पाळतो, तिकीट दाखवतो, उतरवू नको.

मग मान वर करून कपाटाकडे बघितलं.

"स्टूल बाथरूममध्ये आहे," ते म्हणाले. "मला चढू देणार नाहीस, तेव्हा तूच काढ."

ग्रंथपाल बाईंनी पुढे दुसऱ्या जिगचं खरं नाव शोधून दिलं. मी ते त्यांना सांगितलं. असेल, ते म्हणाले, पण हा तिसरा भाग आहे. क्लिनिकची पहिली भेट झाली, दुसरी मेमध्ये आहे. पहिल्या भेटीत त्यांनी म्हणे तिथल्या डॉक्टरबाईला विचारलं, तुला जिग येते का.

दर रविवारी ती आम्ही आता चारही भागांची वाजवतो, दुसऱ्या फेरीनंतर वळतो. बासरीवाल्याने ती पाठ केली आहे. तिसरा भाग ते एकटेच असल्यासारखे वाजवतात. चौथा मी त्यांना शिकवते, आठवडाभरात पक्का होईल अशी माझी अपेक्षा होती, ती चुकली. दुसऱ्या ओळीत त्यांचं चौथं बोट अजून उशिरा पडतं, आणि ते दर रविवारी मी त्यांना सांगते.